जुन्या पीसीवर लिनक्स टाकताय? आधी प्रोसेसर ओळखा, मग फाइल उतरवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास कुठलेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळा, ग्रामपंचायतींच्या अभ्यासिका, एमएस-सीआयटीचे क्लास आणि घराघरांतले जुने लॅपटॉप पाहिले तर त्यातली बरीच मशीन या रेषेच्या आधीची आहेत. ती भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या बहुतेकांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, उत्तम चालतं.

पण पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना अडत नाही, ती त्याच्या आधीच अडलेली असते. प्रोसेसर कोणता आहे हे न बघता कुणीतरी सांगितलेली फाइल उतरवली जाते. लिनक्स मिंट या आवृत्तीची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) तीन जीबीच्या आसपास असते. मोबाइलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबी असलेल्या माणसाचे त्यात दोन दिवस जातात. मग पेनड्राइव्ह लावला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते आणि मशीन तिथेच थांबतं. ‘लिनक्स आपल्या पीसीवर चालत नाही’ असं म्हणून माणूस नाद सोडून देतो. खरं तर त्या ओळीतच उत्तर लिहिलेलं असतं.

हा लेख इंटेल आणि एएमडी प्रोसेसर असलेल्या पीसी-लॅपटॉपसाठी आहे. मोबाइल, टीव्ही बॉक्स, रास्पबेरी पाय यांचे प्रोसेसर एआरएम जातीचे असतात, त्यांच्यासाठी वेगळ्या फाइल लागतात.

१. हाताशी काय काय हवं

- आठ जीबी किंवा त्याहून मोठे दोन पेनड्राइव्ह. एक लिनक्ससाठी, दुसरा तुमच्या फाइलींसाठी. डेटा जास्त असेल तर एक्स्टर्नल हार्ड डिस्क.
- फाइल उतरवायला आणि पेनड्राइव्ह बनवायला दुसरं चालू मशीन.
- कॅमेरावाला मोबाइल. पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक एररचा फोटो काढायचा. हाच मोबाइल यूएसबी केबलने जोडून इंटरनेटही देता येतं. जुन्या लॅपटॉपचं वायफाय सुरुवातीला चाललं नाही तर यूएसबी टेदरिंगच कामी येतं.
- छोटा स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, थर्मल पेस्टची ट्यूब आणि मदरबोर्डवरचा बटनसेल. डेस्कटॉपला सहसा सीआर२०३२ नंबरचा लागतो.
- यूपीएस किंवा इन्व्हर्टर. डिस्कचे भाग पाडणं चालू असताना लाइन गेली तर जुना डेटाही जाऊ शकतो. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर त्यालाही इन्व्हर्टरवर घ्या.

मशीन शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं असेल तर मुख्याध्यापकांची किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी परवानगी आधी घ्या. जडसंग्रह नोंदवहीतला मशीनचा नंबरही टिपून ठेवा. डिस्क पुसल्यावर ‘त्यात अमुक रेकॉर्ड होतं’ असं निघालं तर फार मनस्ताप होतो. परवानगीच्या कागदावर ‘बॅकअप घेतला’ हे वाक्य आणि तारीख असू द्या.

२. प्रोसेसरचं पूर्ण नाव काढा

स्टिकरवर जाऊ नका. सेकंडहँड मशीनमध्ये आतला प्रोसेसर बदललेला असू शकतो आणि बाहेरचा स्टिकर तसाच राहतो.

विंडोज चालू असेल तर ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘प्रोसेसर’ आणि ‘सिस्टीम टाइप’ अशा दोन ओळी असतात. पहिल्या ओळीतलं नाव अक्षर-आकड्यांसकट वहीत उतरवा. ‘इंटेल आहे’ किंवा ‘ड्युअल कोअर आहे’ एवढ्याने काही कळत नाही. शेवटचा नंबर महत्त्वाचा.

दुसरी ओळ जपून वाचा, कारण नवखे इथेच फसतात. विंडोज ८ आणि १० मध्ये तिथे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: ऑपरेटिंग सिस्टीम किती बिटची (३२ हा जुना प्रकार, ६४ हा नवा) आणि प्रोसेसर कशावर आधारित. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ आधारित प्रोसेसर’ असं दिसलं तर प्रोसेसर ६४-बिटचा आहे, वर विंडोज तेवढं ३२-बिटचं बसवलेलं आहे. अशी मशीन आपल्याकडे खूप आहेत, कारण दोन जीबी रॅम असली की दुकानदार सर्रास ३२-बिट विंडोज टाकून द्यायचे. ‘एक्स८६ आधारित’ असं असेल तर प्रोसेसरच ३२-बिटचा आहे. विंडोज ७ मध्ये मात्र ही ओळ फक्त विंडोजबद्दल बोलते, प्रोसेसरबद्दल काहीच सांगत नाही. तिथे प्रोसेसरच्या नंबरवरूनच ठरवा.

विंडोज बंदच पडलं असेल तर मशीन सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. पहिल्याच पानावर प्रोसेसरचं नाव बहुतेक वेळा दिसतं.

एखादं लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) चालत असेल तर सगळ्यात पक्की माहिती टर्मिनलात, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मिळते. एल, एस, सी, पी, यू ही पाच इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीत सलग टाइप करून एंटर दाबा. वरच्या ओळींतच ‘३२-बिट, ६४-बिट’ असं दोन्ही दिसलं की प्रोसेसर ६४-बिटचा. त्यांच्या खाली ‘फ्लॅग्ज’ नावाची लांबच लांब रांग असते. प्रोसेसरला काय काय करता येतं त्याची ती यादी. त्यात ‘एलएम’ असेल तर ६४-बिट, ‘पीएई’ असेल तर पीएई, म्हणजे ३२-बिट प्रोसेसरला चार जीबीच्या पुढची मेमरी वापरू देणारी सोय. ‘एसएसई४_२’ आणि ‘एव्हीएक्स२’ आहेत का तेही बघून ठेवा, पुढे लागतील. एसएसई३ हे नाव शोधत बसू नका. लिनक्स त्याला ‘पीएनआय’ म्हणतं.

३. तुमचा प्रोसेसर कोणत्या गटात बसतो

सगळा खेळ इथे आहे, म्हणून या भागाला वेळ द्या.

पहिला गट: फक्त ३२-बिट. पेन्टियम ३, सुरुवातीचे पेन्टियम ४, पेन्टियम एम, बहुतेक सेलेरॉन एम, एएमडीचे ॲथलॉन एक्सपी आणि २००८ च्या छोट्या नेटबुकमधला ॲटम एन२७०. ‘कोअर डुओ’ही यातच. नीट वाचा: कोअर डुओ आणि कोअर टू डुओ हे वेगळे प्रोसेसर आहेत. दोन्ही २००६ चेच, पण टी२३०० सारखा कोअर डुओ ३२-बिटचा आणि कोअर टू डुओ ६४-बिटचा. दुकानात दोघांनाही ‘ड्युअल कोअर’च म्हणतात. पेन्टियम ड्युअल-कोअरमध्येही हीच गफलत आहे: लॅपटॉपचा टी२०८० हा ३२-बिट आणि डेस्कटॉपचा ई२१४० हा ६४-बिट.

दुसरा गट: ६४-बिट, पण जुन्या धाटणीचा. एएमडीने २००३ मध्ये ६४-बिटची ही पद्धत आणली, म्हणून लिनक्सच्या जगात तिला आजही ‘एएमडी६४’ म्हणतात. २०२० मध्ये या प्रोसेसरांच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या: व्ही१, व्ही२, व्ही३, व्ही४. पहिली पायरी म्हणजे मूळ ६४-बिट. ॲथलॉन ६४, पेन्टियम डी, कोअर टू डुओ, ॲटम एन४५०, एएमडीचे ॲथलॉन टू आणि फेनम टू, लॅपटॉपमधले ई-३५० आणि ई-४५० हे सगळे व्ही१ वर थांबतात. कोअर टू डुओच्या उशिरा आलेल्या मॉडेलांत एसएसई४.१ आहे, पण एसएसई४.२ नाही. त्यामुळे ते व्ही२ मध्ये बसत नाहीत. आपल्या शाळांमध्ये आणि क्लासमध्ये सगळ्यात जास्त भेटणारा गट हाच.

तिसरा गट: व्ही२. कोअर आय३, आय५, आय७ च्या पहिल्या तीन पिढ्या, आणि अलीकडचे बरेच स्वस्त सेलेरॉनसुद्धा.

चौथा गट: व्ही३. २०१३ च्या चौथ्या पिढीपासूनचे कोअर आय३ आणि वरचे, तसेच २०१७ पासूनचे रायझन. यांना एव्हीएक्स२ येतं.

मशीनच्या खरेदीच्या वर्षावरून गट ठरवू नका. सेलेरॉन एन४०२० चा लॅपटॉप कुणी २०२१ मध्ये कोरा घेतला असेल, तरी त्यात एव्हीएक्स नाही, तो व्ही२ च. पेन्टियम जी५४०० चंही तसंच. उलट २०१४ चा सेकंडहँड आय५-४५७० व्ही३ आहे. सेकंडहँड घेणाऱ्याने हे लक्षात ठेवलं तर पैसे योग्य ठिकाणी जातात.

४. गटाप्रमाणे डिस्ट्रो निवडा

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती. दुसऱ्या गटापासून पुढे कुणालाही डेबियन १३, लिनक्स मिंट २२, झुबुंटू किंवा लुबुंटू २४.०४ टाकता येतं. यांना व्ही१ पुरतं. रॅम दोन जीबी असेल तर लुबुंटू किंवा एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं डेबियन घ्या. चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मराठी शाळेसाठी माझं मत मिंटकडे झुकतं, कारण विंडोज वापरलेल्या गुरुजींना मेनू लगेच सापडतो.

कंपन्यांच्या सर्व्हरसाठी बनलेल्या रेड हॅट घराण्यापासून मात्र सावध. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ (२०२२) ला किमान व्ही२ लागतं आणि १० (२०२५) ला व्ही३. रॉकी लिनक्सचंही तसंच. अल्मालिनक्स १० ने व्ही२ साठी वेगळी आवृत्ती काढली आहे. ओपनसूसे लीप १६ लाही व्ही२ हवं. इंजिनिअरिंगला गेलेली मुलं क्लासमध्ये रेड हॅट शिकतात आणि दिवाळीत घरी येऊन कोअर टू डुओवर रॉकी ९ टाकायला बसतात. ते चालणार नाही. त्याच मशीनवर डेबियन टाका, कमांड शिकायला ते पुरेसं आहे.

आता पहिल्या गटाबद्दल. उबुंटूने १७.१० पासून, म्हणजे २०१७ मध्ये, ३२-बिट डेस्कटॉपची फाइल देणं बंद केलं. फेडोराने २०१९ मध्ये ३२-बिट कर्नल (लिनक्सचा गाभा) सोडला. मिंटच्या उबुंटूवर आधारलेल्या मुख्य मालिकेत १९.३ ही शेवटची ३२-बिट आवृत्ती. डेबियनचा ३२-बिट इन्स्टॉलर १२ व्या आवृत्तीपर्यंत होता, १३ मध्ये नाही. त्यामुळे ३२-बिट मशीनसाठी डेबियन १२, त्यावर आधारलेलं अँटीएक्स २३ किंवा एमएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती एवढेच रस्ते मी सुचवीन. ५१२ एमबी-एक जीबी रॅमवर अँटीएक्स सगळ्यात हलकं चालतं. हे बसवल्यावर कुणी ‘डेबियन १३ ला अपग्रेड कर’ म्हणालं तर करू नका. १३ मध्ये त्या मशीनसाठी कर्नलच नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ३२-बिट मशीन टायपिंग, हिशेब, मुलांचे गणिताचे खेळ, साठवलेले व्हिडिओ यासाठी ठेवा. ऑनलाइन फॉर्म भरायला नको. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं आणि फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून सोडलं. ब्राउझर जुना झाला की सरकारी पोर्टल आणि बँकेचं पान एक एक करून उघडणं बंद होतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या तारखेला भरायला आलेल्या पोरीला अशा मशीनसमोर बसवू नये.

५. फाइल उतरवताना नावं नीट वाचा

डाउनलोडच्या पानावर चार-पाच नावं एकाखाली एक असतात. ‘एएमडी६४’, ‘एक्स८६_६४’ आणि ‘एक्स६४’ ही तिन्ही एकाच प्रकाराची नावं. इंटेलचा प्रोसेसर असला तरी ‘एएमडी६४’ हीच फाइल घ्यायची. ‘आपला इंटेल आहे’ म्हणून लोक ती सोडतात आणि ‘आयए६४’ किंवा ‘आय३८६’ उचलतात. आयए६४ म्हणजे इटॅनियम, तो सर्व्हरचा प्रोसेसर, घरी कुणाकडे नसतो. ‘आय३८६’, ‘आय६८६’ म्हणजे ३२-बिट. ‘एआरएम६४’ दिसायला ‘एएमडी६४’ सारखं आहे, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तर हमखास फसवतं. ते आपलं नाही.

नेट अधूनमधून तुटत असेल तर टॉरेंटने उतरवा. थांबलेल्या जागेपासून पुढे चालू होतं आणि डेटा वाया जात नाही. फाइल पूर्ण आली का हे तपासणं टाळू नका. पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रुफस या प्रोग्रॅममध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारी चेकसमचं, म्हणजे फाइलच्या तपासणी आकड्याचं, छोटं बटन असतं, ते एसएचए२५६ चा आकडा काढून देतं. डिस्ट्रोच्या पानावरच्या आकड्याशी तो जुळवा. अर्धवट फाइलमुळे येणाऱ्या एरर प्रोसेसरच्या एररसारख्याच वाटतात आणि त्यात दिवस जातो.

६. पेनड्राइव्ह बनवा

रुफस किंवा व्हेंटॉय, कोणतंही चालेल. गावात वेगवेगळ्या मशीनवर काम करायचं असेल तर व्हेंटॉय घ्या. एकाच पेनड्राइव्हवर डेबियन १२ ची ३२-बिट फाइल, मिंटची ६४-बिट फाइल आणि अँटीएक्स अशा तिन्ही नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. बत्तीस जीबीचा एक पेनड्राइव्ह असा भरून ठेवला की कुठल्याही शाळेत जाता येतं.

रुफस वापरताना कोअर टू डुओच्या काळातल्या मशीनसाठी पार्टिशन स्कीम ‘एमबीआर’ ठेवा. २०१२ नंतरच्या बहुतेक मशीनना ‘जीपीटी’ आणि यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) चालतं.

इथे एक खास अडचण आहे. २०१४-१६ च्या सुमारास दहा-बारा हजारांत मिळणारे छोटे लॅपटॉप आणि टॅबलेट-लॅपटॉप आले. त्यात ॲटम झेड३७३५एफ होता. हा प्रोसेसर ६४-बिटचा, पण त्यातलं यूईएफआय ३२-बिटचं. त्यामुळे साधा ६४-बिट पेनड्राइव्ह लावला तर बूट मेनूत त्याचं नावच येत नाही आणि पेनड्राइव्ह खराब आहे असं वाटतं. अशा मशीनसाठी व्हेंटॉय वापरून बघा, त्यात ३२-बिट यूईएफआयची सोय आहे. या मशीनवर अँड्रॉइड टॅबलेटसारखी साठवण असते, बत्तीस जीबीची, आणि ती बदलता येत नाही. म्हणून हलकंच डिस्ट्रो निवडा.

७. बूट करा आणि पडद्यावरची ओळ वाचा

आधी ‘ट्राय’ किंवा ‘लाइव्ह’ हा पर्याय घ्या, लगेच इन्स्टॉल नको. लाइव्ह चालवल्याने डिस्कला धक्का लागत नाही. अडलं तर खाली बघा.

‘या कर्नलला एक्स८६-६४ सीपीयू लागतो, पण सापडला आय६८६’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली तर प्रोसेसर ३२-बिटचा आहे. भाग ४ मधलं ३२-बिट डिस्ट्रो घ्या. मशीनला काही झालेलं नाही.

‘पीएई हे फीचर सीपीयूमध्ये नाही’ असं आलं तर बहुधा पेन्टियम एम आहे. यातल्या काही प्रोसेसरांना पीएई येतं, पण ते तसं सांगत नाहीत. त्यांच्यासाठी कर्नलच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ हा शब्द जोडतात, सगळी इंग्रजी अक्षरं छोटी आणि सलग. सोपा मार्ग म्हणजे अँटीएक्सची ३२-बिट आवृत्ती. तिच्यात पीएई न मागणारा कर्नल मिळतो.

‘फेटल जीलिबसी एरर: सीपीयू व्ही२ सपोर्ट करत नाही’ आणि पाठोपाठ ‘कर्नल पॅनिक’. हे रेड हॅट घराण्यात दिसतं. पॅनिक शब्दाने घाबरू नका, डिस्ट्रो बदला. व्ही३ लिहिलेलं असेल तरी उपाय तोच.

सगळं नीट बसलं, पण एखादंच ॲप ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतं. तिथे डिस्ट्रोचा दोष नसतो. ते ॲप प्रोसेसरला येत नसलेली सूचना मागत असतं. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून एव्हीएक्स मागतो, प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना हे हमखास भेटतं. त्या ॲपची जुनी आवृत्ती शोधा.

काळा पडदा, कोपऱ्यात नुसती लुकलुकणारी रेघ. हे बहुतेक वेळा प्रोसेसरचं दुखणं नसून ग्राफिक्सचं असतं. बूट मेनूत इंग्रजी ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा आणि एफ१० दाबा. मिंटच्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असतो, तो आधी बघा. ॲटम एन२६०० असलेल्या नेटबुकचं ग्राफिक्स लिनक्सवर कायम रडतं. असं मशीन लिनक्ससाठी विकत घेऊ नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. हा नव्या मशीनचा त्रास, इंटेलच्या अकराव्या पिढीपासून फार भेटतो. बायोसमध्ये ‘व्हीएमडी’ किंवा ‘रॅपिड स्टोरेज’ चालू असतं, ते बंद करून ‘एएचसीआय’ करावं लागतं. त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर असं बदलल्यावर विंडोज उठत नाही आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चावी मागतं. म्हणून चावी आधी लिहून घ्या आणि विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होईल अशी सोय करूनच बदला.

चालता चालता गोठतं, माऊसही हलत नाही. सेलेरॉन एन२८४०, जे१९००, ॲटम झेड३७३५एफ या जातीला ही खोड आहे. प्रोसेसर खोल झोपेत जातो आणि उठत नाही. उपाय म्हणजे कर्नलच्या ओळीत हे जोडणं: इंटेल, अंडरस्कोर, आयडल, टिंब, मॅक्स, अंडरस्कोर, सीस्टेट, बरोबरचं चिन्ह, १. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. नव्या कर्नलवर हा त्रास कमी झाला आहे, म्हणून आधी ताजं डिस्ट्रो घ्या आणि तरीही गोठलं तरच हे करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. पहिल्या पिढीचा रायझन रिकामा बसल्यावर गोठत असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट’ ठेवा. २०१९ च्या रायझन ३००० मालिकेवर लिनक्स उठतच नसेल तर आधी बायोस अपडेट करा. त्यांच्या यादृच्छिक आकडे देणाऱ्या सूचनेत दोष होता आणि तो बायोसमधूनच दुरुस्त झाला.

इन्स्टॉल निम्म्यावर आलं की मशीन आपोआप बंद. आपल्या भागात याचं पहिलं कारण उष्णता. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो. कॅबिनेट उघडून बघा. जिनिंगच्या जवळच्या गावांत पंख्याच्या पात्यांखाली कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, हीटसिंकच्या फटी पूर्ण बुजलेल्या. ब्रशने काढा. हीटसिंक सोडवून वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसा आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. उन्हाळ्यात इन्स्टॉलचं काम सकाळी आठच्या आत उरका, तेव्हा ऊनही नसतं आणि नेटही बरं चालतं.

‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं म्हणून सॉफ्टवेअर उतरत नाही. पडद्यावरची तारीख बघा. २००९ दाखवत असेल तर बटनसेल संपला आहे. सेल बदला, बायोसमध्ये तारीख लावा.

८. इन्स्टॉल आणि त्यानंतर

लाइव्हमध्ये वायफाय, आवाज, प्रिंटर, यूट्यूब हे सगळं चालवून बघितलं की मगच इन्स्टॉलचं बटन दाबा. बाकी पायऱ्या इन्स्टॉलर स्वतः विचारतो. ‘इरेज डिस्क’ या ओळीपाशी मात्र थांबा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवरचा बॅकअप खरंच उघडतो का ते बघून या.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर सगळे अपडेट घ्या. इंटेल असेल तर ‘इंटेल-मायक्रोकोड’ आणि एएमडी असेल तर ‘एएमडी६४-मायक्रोकोड’ हे पॅकेज बसवा. बायोसचं अपडेट कंपनीने कधीच बंद केलेल्या मशीनसाठी प्रोसेसरच्या दुरुस्त्या इथूनच येतात. बायोसमध्ये न सुटलेलं गोठणं कधी कधी याने सुटतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘मराठी’ जोडा. इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांना ती मांडणी मिळते आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना ‘कागापा फोनेटिक’ मिळते.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करावी. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन लाइव्ह लिनक्सवर लावून, प्रत्यक्ष पोर्टल उघडून बघा. ही साधनं बहुतेकदा विंडोज गृहीत धरून दिलेली असतात. चालली नाहीत तर त्या एका मशीनवर विंडोज ठेवा आणि बाकीच्यांवर लिनक्स टाका. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना हा शोध लागायला नको.

९. सेकंडहँड घ्यायला जाताना

नागपूरला सीताबर्डीवर किंवा अमरावतीत मशीन बघायला जाल तेव्हा व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा. दुकानदाराला सरळ म्हणा, “दादा, पेनड्राइव्ह लावून पाहतो, तुमच्या डिस्कला हात लावत नाही.” बहुतेक जण हो म्हणतात. मिंट लाइव्ह सुरू करा, टर्मिनलात ती पाच अक्षरं टाका आणि फ्लॅग्जच्या रांगेत ‘एव्हीएक्स२’ आहे का बघा. मशीन वीस मिनिटं व्हिडिओ लावून चालू ठेवा, पंख्याचा आवाज ऐका, हाताला किती गरम लागतं ते बघा. चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५ आणि आठ जीबी रॅम मिळत असेल तर तो घ्या. त्याच किमतीत कोअर टू डुओ कितीही चकचकीत कॅबिनेटमध्ये दाखवला तरी नको म्हणा. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्यायला विसरू नका.